चाक फिरतं, मग वायर का पिळत नाही?

साध्या सायकलीला मोटर बसवली की बघायला चार माणसं जमतातच. मोठी माणसं विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती जाते, खर्च किती आला. मुलं मात्र थेट चाकापाशी उकिडवी बसतात. चाक उचलून फिरवतात, ॲक्सलच्या टोकातून आत शिरलेल्या जाड काळ्या वायरीकडे टक लावून बघतात आणि विचारतात, चाक गरागरा फिरतंय, मग ही वायर पिळून तुटत का नाही?

या विषयातला याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाही. याचं उत्तर नीट उमगलं की घरी तयार केलेल्या इलेक्ट्रिक सायकलीचं निम्मं मर्म हाती आलं म्हणून समजा.

उत्तर सायकलीत पहिल्यापासूनच आहे. सायकलीचं चाक फिरतं, पण त्याचा ॲक्सल कधीच फिरत नाही. तो दोन नटांनी चिमट्याच्या खाचांत आवळून टाकलेला असतो आणि छर्‍यांवरून हब त्याच्याभोवती फिरत राहतो. इतकी वर्षं सायकल चालवूनही आपलं याकडे लक्ष गेलेलं नसतं. हब मोटर बनवणार्‍यांनी या स्थिर ॲक्सलचाच फायदा घेतला. नेहमीच्या मोटरीत बाहेरचं कवच स्थिर असतं आणि मधला दांडा फिरतो. इथे मधला दांडा स्थिर आणि कवच फिरतं. तांब्याची वेटोळी ॲक्सलवर घट्ट बसवलेली, चुंबक बाहेरच्या कवचाला आतून चिकटवलेले, आणि त्या कवचालाच स्पोक लावलेले. ॲक्सल पोकळ असतो, त्यातून वायरी आत जातात आणि जे फिरत नाही त्यालाच जाऊन मिळतात. पिळायचा प्रश्नच येत नाही. घरातला छताचा पंखा याच कुळातला आहे. त्याचा दांडा छताला टांगलेला असतो, वायरी दांड्यातून खाली उतरतात, आणि पात्यांसकट कवच फिरतं. आपण रोज रात्री त्याच्याखाली झोपतो.

अशी एखादी गियरविरहित हब मोटर हाती आली तर बॅटरी वगैरे काही जोडायच्या आधी एक प्रयोग जरूर करा. मोटरीतून तीन जाड वायरी बाहेर येतात, बहुधा पिवळी, हिरवी आणि निळी. तिन्ही मोकळ्या सोडून चाक हाताने फिरवा. बर्‍यापैकी मोकळं फिरेल. आता त्या तिघींची उघडी टोकं एकमेकींना टेकवून धरा आणि पुन्हा फिरवा. चाक काकवीत बुडाल्यागत जड होतं. जितक्या जोरात फिरवू पाहाल तितकं ते अडतं. वायरी सोडल्या की पुन्हा मोकळं. कुठे काही घासत नाही, ब्रेक नाही, बॅटरी नाही. तांब्याची तीन टोकं एकमेकांना लागली, एवढंच घडलं.

यात जे घडतं ते मायकेल फॅरेडेने १८३१ साली लंडनमध्ये दाखवून दिलं. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक सरकला की तारेत वीजदाब निर्माण होतो. टोकं मोकळी असतील तर वीज वाहायला वाट नसते, म्हणून हाताला काही जाणवत नाही. टोकं जोडली की वर्तुळ पूर्ण होतं, वीज वाहते आणि ती वीज स्वतःचं चुंबकत्व निर्माण करून तुमच्या हाताला विरोध करते. हा विरोध दरवेळी उलट दिशेनेच का असतो, याचा नियम हाइनरिश लेंझने १८३४ मध्ये मांडला. म्हणजे तुमच्या हातातली वस्तू मोटर आहे तशीच ती जनित्रही आहे. वीज दिली की फिरते, फिरवली की वीज देते. दोन वेगळी यंत्रं नाहीत, एकच यंत्र आहे.

आता यातून निघणारी गोष्ट बघा. बॅटरी जोडून सायकल पळवायला लागलात, तरी चुंबक वेटोळ्यांजवळून सरकतातच. म्हणजे मोटर चालत असतानाही आतल्या आत वीज तयार करतेच, आणि ती बॅटरीच्या उलट दिशेने. वेग वाढेल तसा हा उलटा दाब वाढतो. ३६ व्होल्टची बॅटरी असेल तर एका ठरावीक वेगाला हा उलटा दाब ३६ च्या जवळ पोचतो, बॅटरीला आत वीज ढकलायला जागा उरत नाही आणि सायकल त्याहून जास्त पळत नाही. मोटरीचा कमाल वेग तिच्या अंगातच लिहिलेला असतो तो असा. याच्या उलट, सायकल उभी असते तेव्हा उलटा दाब शून्य. त्या क्षणी वीज अडवायला वेटोळ्यांचा अगदी किरकोळ रोध तेवढा असतो, आणि बॅटरी सरळ जोडली तर शंभराहून जास्त अँपिअरचा लोंढा आत घुसेल. तसं होऊ नये म्हणून मध्ये कंट्रोलर बसवावा लागतो. लहान किटमधला कंट्रोलर बॅटरीतून १५ अँपिअरच्या आसपासच वीज घेऊ देतो.

कंट्रोलर म्हणजे हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची डबी. तिच्यातून वायरींचा एवढा मोठा झुपका बाहेर आलेला असतो की पहिल्यांदा बघणार्‍याची छाती दडपते. काम मात्र एका वाक्यात सांगता येतं. तीन वायरींपैकी कोणत्या दोन वायरींतून, कोणत्या दिशेने, किती वीज सोडायची हे क्षणोक्षणी ठरवायचं. जुन्या मोटरींमध्ये हे काम कार्बनचे ब्रश करायचे. ते घासायचे, झिजायचे, ठिणग्या उडवायचे. इथे घासणारं काही नाही. सहा मॉस्फेट, म्हणजे सहा इलेक्ट्रॉनिक खटके, आळीपाळीने उघडतात-मिटतात.

हे खटके किती वेळा चालू-बंद होतात त्याचा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा मला खरं वाटेना. गियरविरहित मोटरींच्या एका प्रचलित प्रकारात कवचाला आतून ४६ चुंबक असतात, म्हणजे उत्तर-दक्षिण अशा २३ जोड्या. प्रत्येक जोडी पुढे सरकताना कंट्रोलरला सहा वेळा वाट बदलावी लागते. म्हणजे चाकाच्या एका फेर्‍यात १३८ बदल. २६ इंची चाकाचा परीघ दोन मीटरहून थोडा जास्त. ताशी २५ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण सव्वातीन ते साडेतीन फेरे घेतं. गुणाकार करा. सेकंदाला सुमारे ४६० वेळा वाट बदलते. एकदाही चुकली तर चाक गचका देईल, आणि आपल्याला तर साधी कुरकुरसुद्धा ऐकू येत नाही.

चुकत नाही कारण कंट्रोलरला चुंबक नेमका कुठे आहे ते कळत असतं. तीन जाड वायरींबरोबर पोकळ ॲक्सलमधून पाच बारीक वायरीही बाहेर येतात. आत, वेटोळ्यांच्या मधल्या फटीत तांदळापेक्षा थोड्या मोठ्या अशा तीन काळ्या चकत्या चिकटवलेल्या असतात. त्यांना हॉल सेन्सर म्हणतात. समोर चुंबकाचा उत्तर ध्रुव आहे की दक्षिण, एवढंच त्या सांगतात. तिघींच्या हो-नाहीवरून कंट्रोलरला जागा कळते. हे नाव एडविन हॉलचं. १८७९ साली, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना या विशीतल्या विद्यार्थ्याने सोन्याच्या अतिशय पातळ वर्खातून वीज सोडली, वर्ख चुंबकाच्या तोंडाशी धरला आणि विजेच्या आडव्या दिशेला अगदी सूक्ष्म दाब तयार होतो हे मोजलं. त्या काळी त्याचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. आज आपल्या सायकलीत तो तीन ठिकाणी आहे. मोटरीत आहे. हँडलवरच्या थ्रॉटलमध्ये आहे, तिथे मूठ पिळली की आतला छोटा चुंबक सेन्सरजवळ सरकतो. आणि क्रँकजवळच्या पेडल सेन्सरमध्ये आहे, तिथे चुंबक बसवलेली प्लास्टिकची चकती पायडलबरोबर फिरते आणि तुम्ही पाय मारताय हे कंट्रोलरला कळवते. तिन्ही ठिकाणी घर्षण शून्य, झीज शून्य.

या सगळ्याची कल्पना मात्र आजची नाही. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन ज्युनिअर यांना विजेवर चालणार्‍या सायकलीचं पेटंट मिळालं. त्यातलं चित्र बघितलं की आपण चकित होतो. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात टांगलेली आहे. आज आपण किट बसवतो ती हीच मांडणी. त्यात मोटर १० व्होल्टवर १०० अँपिअरपर्यंत वीज घेईल असं म्हटलंय. १०० अँपिअर! एवढी वीज वाहून न्यायला बोटाएवढी जाड तार लागेल, आणि त्या काळच्या शिशाच्या बॅटरीच्या ओझ्याने सायकल चालवायचा हेतूच संपेल. मांडणी अचूक होती, सामान शंभर वर्षं मागे होतं. ताकदवान निओडिमियम चुंबक जपान आणि अमेरिकेत वेगवेगळ्या संशोधकांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शोधला. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. स्वस्त मॉस्फेटही याच काळात हाती आले. १९९३ साली यामाहाने जपानमध्ये पाय मारताना मदत करणारी सायकल विकायला काढली.

पण माझ्या मते या सगळ्या शोधांपेक्षा मोठं नवल मोटरीत नाही आणि बॅटरीतही नाही. ते सायकलीत आहे.

नोंदणी न लागणार्‍या सायकलीची मोटर २५० वॉटच्या आत असते. २५० वॉट म्हणजे किती? पाणी उपसायच्या एक हॉर्सपॉवरच्या पंपाचा तिसरा हिस्सा. घरातल्या मिक्सरची मोटरही याच्या दुप्पट असते. एवढ्याशा ताकदीवर नव्वद-शंभर किलोचं ओझं ताशी २५ किलोमीटर वेगाने पळतं, याचं कारण सायकल फुकट काही घालवतच नाही. १९७३ साली ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात प्राणी आणि यंत्रं यांच्या प्रवासाचा खर्च एका आलेखावर मांडला होता. एक ग्रॅम वजन एक किलोमीटर न्यायला किती ऊर्जा लागते, हा निकष. सायकलवर बसलेला माणूस त्या यादीत सगळ्यांत काटकसरी ठरला. पायी चालणार्‍या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तिच्या पाचव्या हिश्श्यात त्याचं भागतं.

घरगुती किटची बॅटरी साधारणपणे ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची असते. गुणाकार ३६० वॉट-तास. मीटरच्या भाषेत एका युनिटचा जेमतेम तिसरा हिस्सा. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते ती धरूनही घरगुती दराने खर्च पाच-सहा रुपयांच्या वर जाऊ नये. याच ऊर्जेचं अन्नात रूपांतर केलं तर ३१० किलोकॅलरी होतात, म्हणजे नव्वद-शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक मोठी भाकरी. पेट्रोलमध्ये मोजली तर सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे चहाचे आठ चमचे. एका भाकरीएवढ्या, आठ चमचे पेट्रोलएवढ्या ऊर्जेत सायकल पाय न मारता पंचवीस ते पस्तीस किलोमीटर जाते. पाय मारत गेलं तर आणखी पुढे. आठ चमचे पेट्रोलमध्ये चांगली मोटारसायकलही दोन-तीन किलोमीटरच जाईल.

चढाचा हिशोबही करून बघा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटरवर. माणूस, सायकल, बॅटरी मिळून १०० किलो वजन एवढं वर उचलायला लागणारी ऊर्जा साधारण २०० वॉट-तास. बॅटरीत ती आहे. मात्र यात एक अडचण आहे आणि ती किट विकणारे सहसा सांगत नाहीत. तीव्र चढावर चाक हळू फिरतं. चाक हळू म्हणजे उलटा दाब कमी, म्हणून वीज जास्त घुसते आणि तिचा मोठा भाग वेटोळी तापवण्यात जातो. घाटात फक्त थ्रॉटलच्या भरवशावर राहिलात तर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापेल. तिथे पाय मारावेच लागतात. म्हणूनच चढ-उताराच्या गावात मी गियर असलेली हब मोटर घ्या असं सांगेन. त्यात आतली लहान मोटर चाकाच्या चार-पाचपट वेगाने फिरते आणि नायलॉनच्या दातेरी चक्रांमधून जोर चाकाला देते. तिच्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, त्यामुळे वीज बंद असताना सायकल नेहमीसारखी हलकी चालते. वर सांगितलेला तीन वायरींचा प्रयोग या मोटरीत चाक पुढे फिरवून जमत नाही. तेवढं नुकसान सोसावं.

आता वेगाचं गणित. सपाट रस्ता, वारा नाही, सरळ बसलेला माणूस आणि एकूण वजन १०० किलो असं धरलं तर ताशी १५ किलोमीटरला साधारण ७० वॉट पुरतात. एवढी ताकद आपण पायांनी तासन्‌तास देऊ शकतो. ताशी २५ ला १९० वॉट लागतात. आणि ताशी ४० करायचे म्हटले तर ६०० वॉट! हवेचा अडथळा सोसायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्याचा हा परिणाम. २५ च्या आसपास सायकलीची काटकसर संपते आणि पुढे केलेला बहुतेक खर्च वार्‍याशी भांडण्यात जातो. १००० वॉटची मोटर बसवून सायकल पळवणार्‍यांना मी हेच सांगत असतो. मोठ्या मोटरीला मोठी बॅटरी लागते, मोठ्या बॅटरीला मजबूत फ्रेम लागते, वेगाला दणकट ब्रेक लागतात, आणि शेवटी हाती येते ती ना धड सायकल ना धड स्कूटर.

बॅटरी उघडू नये, पण आत काय आहे ते माहीत असावं. ३६ व्होल्टच्या अशा बॅटरीत बहुधा चाळीस सेल असतात. प्रत्येक १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. एकाचं वजन पन्नास ग्रॅमच्या आत. चार-चार सेल शेजारी जोडून दहा गट केलेले असतात आणि ते गट एकामागोमाग एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा, म्हणून बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते. सेलच्या आत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, शिसपेन्सिलीत असतं तेच. त्याचे थर एकावर एक रचलेले असतात आणि चार्जिंग करताना लिथियमचे आयन त्या थरांच्या मध्ये जाऊन बसतात. सायकल चालवली की ते बाहेर पडून दुसर्‍या बाजूला जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने, म्हणजे आपल्या मोटरीतून. काही जळत नाही, काही संपत नाही, नुसती ये-जा. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण हाच सेल मर्यादेबाहेर भरला, चेपला गेला किंवा आत शॉर्ट झाला तर पेट घेतो आणि शेजार्‍यालाही पेटवतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरी बॅटरी जोडणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या हातातलं कसब मी मानतो, पण हे काम करू नका असंच सांगेन. सेलना डाग देऊन तारा जोडल्या तर त्या उष्णतेनेच ते खराब होऊ शकतात, कारखान्यात निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावतात. शिवाय प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारं बीएमएस सर्किट हवंच. एक गट जरी जास्त भरला किंवा जास्त उतरला तरी ते वीज तोडतं. मोटर घरी बसवा, वायरिंग घरी करा, बॅटरी मात्र तयार, बिलासकट आणि बीएमएस असलेली घ्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती उन्हात उभ्या सायकलीवर ठेवू नका आणि तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी थोडी जड असते, पण तापण्याच्या बाबतीत जास्त सोशिक. वजनाची घाई नसेल तर ती बरी.

सगळ्यांत रमायला होतं ते सायकलवाल्याच्या दुकानात. हब मोटर आली की तिला रिम लावायची असते, आणि इथे जुन्या काळ्या दांडीच्या सायकली एक गंमतशीर पेच घालतात. त्यांच्या पुढच्या रिमला बहुधा ३२ भोकं असतात आणि मागच्याला ४०. हब मोटरीला असतात ३६. पुढचीही बसत नाही आणि मागचीही नाही. २६ इंची, जाड टायरच्या सायकलींना मात्र बहुतेक ३६ च असतात, म्हणून पहिल्या प्रयोगाला ती सायकल सोपी. मोटरीचा हब पातेल्याच्या झाकणाएवढा रुंद, त्यामुळे नेहमीचे स्पोक लांब पडतात. आखूड आणि जाड, १२ किंवा १३ गेजचे स्पोक लागतात. जाणता सायकलवाला हब मांडीवर घेतो, एक आड एक स्पोक सोडतो, नेहमी तीन वेळा तिढा देतात तिथे इथे एकदाच देतो, आणि सगळी निपलं आधी हलक्या हाताने लावून घेतो. मग चाक उलट्या सायकलीच्या चिमट्यात अडकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरून फिरवतो. जिथे खडू लागला तिथे आउट. त्या बाजूचं निपल अर्धा आटा ढिलं, समोरचं अर्धा आटा घट्ट, पुन्हा फिरवणं. हे काम कुठल्याही व्हिडिओवरून शिकण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून शिकावं.

आणि मग चिमटा. हा भाग सावकाश वाचा, कारण घरगुती इलेक्ट्रिक सायकलीतला सगळ्यांत घातक अपघात इथे होतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा चाकही मोटरीला तितक्याच जोराने मागे ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम. चाक पुढे फिरतं, ॲक्सल उलटा फिरू बघतो. त्याला अडवतात त्या चिमट्याच्या दोन खाचा. ॲक्सलच्या दोन्ही बाजू कापून सपाट केलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर साधारण १० मिलिमीटर. सुरुवातीच्या जोरात ४० न्यूटन-मीटरचं पिळण येतं असं धरलं, तर दर खाचेच्या ओठांवर सुमारे २०० किलोचा जोर पडतो. सायकलीचा चिमटा याच्यासाठी बनवलेलाच नव्हता. नट थोडा ढिला पडला की ॲक्सल खाचेत गर्रकन फिरतो, वायरी मुळापासून पिळून तुटतात आणि चाक निसटतं. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यापुरतं बदलतं!

म्हणून टॉर्क आर्म. पोलादाची एक जाड पट्टी, एका टोकाला ॲक्सलच्या सपाट बाजूंवर चपखल बसणारं भोक, दुसरं टोक चिमट्याच्या दांड्याला क्लँपने आवळलेलं. दीडदोनशे किलोचा जोर लांबच्या टोकावर पोचेपर्यंत थोडक्यावर येतो, कारण पट्टी दहा मिलिमीटरऐवजी दहा सेंटिमीटर लांब आहे. किंमत अगदी किरकोळ, आणि तरीही अनेक किटमध्ये ती नसते. जुन्या चिमट्याची खाच अरुंद असेल तर ती कानशीने रुंद करावी लागते. हे करताना दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, दर चार घाशांनंतर ॲक्सल लावून बघायचा. जास्त घासलं की परत भरता येत नाही. वायर ॲक्सलमध्ये शिरते तिथे तिला आधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी येऊन गळून जातं, मोटरीत शिरत नाही. कोकणात तर हे विसरून चालणारच नाही.

सरकारी नियम सायकलीच्या स्वभावाशी जुळणारा आहे, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर सलग अर्धा तास देऊ शकेल ती ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, परवाना नाही. पाय मारताना मदत करणार्‍या सायकलीत ही मदत २५ च्या वेगाला पोचेपर्यंत हळूहळू कमी होऊन थांबावी आणि पाय थांबले की तीही थांबावी, असंही तिथे म्हटलं आहे. याहून मोठी मोटर लावली की ते कायद्याने मोटार वाहन, मग तिला पायडल असोत वा नसोत.

गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे ज्यांनी सायकल सोडली, रोज दहा-बारा किलोमीटरवर कामाला जातात पण घामाघूम होऊन पोचणं ज्यांना परवडत नाही, दुधाची किटली लावून चढ चढताना ज्यांना उतरून ढकलावं लागतं, त्या सगळ्यांसाठी हे काम करण्याजोगं आहे. जिन्याखाली पडलेली सायकल बाहेर काढा. चिमटा पोलादी आहे ना ते चुंबक लावून तपासा. ॲल्युमिनियमचा असेल तर पुढच्या चाकात मोटर बसवू नका, तो आधी वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. आणि किटची मागणी नोंदवण्याच्या आधी ब्रेक बदला. ताशी १५ ऐवजी २५ ने जाताना थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते, आणि दांडीचे जुने ब्रेक ओल्या पोलादी रिमवर जवळजवळ धरतच नाहीत. ब्रेक दाबताक्षणी मोटरची वीज तोडणारे लिव्हर मिळतात, ते दोन्ही हातांना लावा. पहिल्या दिवशी रिकाम्या मैदानात चालवा, परत आल्यावर ॲक्सलचे नट पुन्हा आवळा, आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला ते तपासत राहा.